एमिल द्युर्केम : एकाचे दुःख आणि सर्वांचा समाज

उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस,
• एमिल द्युर्केम यांच्या जीवनातील प्रमुख घटना कालक्रमाने सांगता येतील.
• सामाजिक परिस्थिती आणि मनःस्वास्थ्य यांच्या संबंधाविषयी त्यांनी मांडलेला विचार स्पष्ट करता येईल.
• त्या विचाराच्या मर्यादा ओळखता येतील.
• विचारवंताच्या चरित्रात जीवन आणि ग्रंथ यांचा मेळ कसा घातला जातो, हे सांगता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्र या वाङ्मयप्रकारात योद्ध्याचे किंवा राजकीय नेत्याचे आयुष्य सांगणे तुलनेने सोपे असते, कारण तेथे घटना मुबलक असतात. विचारवंताच्या आयुष्यात बाह्य घटना थोड्या असतात. अभ्यासिका, वर्ग आणि ग्रंथ यांतच त्याचे बहुतेक दिवस जातात. अशा चरित्रात एक प्रश्न नेहमी उभा राहतो : या माणसाने जे लिहिले, त्याचा त्याच्या जगण्याशी काय संबंध होता? प्रस्तुत घटकात आपण एमिल द्युर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे चरित्र याच प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणार आहोत. मराठी पुस्तकांत त्यांचे नाव डरखाईम, दुर्खीम असेही लिहिलेले आढळते. फ्रेंच उच्चाराला जवळचे म्हणून येथे द्युर्केम असे रूप स्वीकारले आहे.

मन दुखावले, खचले, एकाकी झाले की त्याचे कारण आपण त्या माणसाच्या स्वभावात, नशिबात किंवा फार तर घरात शोधतो. द्युर्केम यांनी हे कारण आणखी एका ठिकाणी शोधावयास शिकविले. ते ठिकाण म्हणजे माणसांना एकमेकांशी जोडणारे संबंध. हे संबंध कशाने घट्ट होतात आणि कशाने सैलावतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेली दोन दुःखेही या प्रश्नाशी जोडलेली आहेत.

२. एपिनाल येथील बालपण

द्युर्केम यांचा जन्म १५ एप्रिल १८५८ रोजी फ्रान्सच्या लोरेन प्रांतातील एपिनाल या गावी झाला. घराणे ज्यू धर्मगुरूंचे होते. वडील, आजोबा आणि पणजोबा हे तिघेही रब्बी होते. घर श्रीमंत नव्हते. वडिलांच्या तुटपुंज्या मिळकतीला आईच्या भरतकामाच्या व्यवसायाची जोड होती. धाकट्या एमिलने घराण्याची परंपरा पुढे चालवावी अशी अपेक्षा होती आणि त्या दृष्टीने त्यांचे काही शिक्षणही झाले. पुढे त्यांनी ही वाट सोडली, धर्मश्रद्धाही सोडली; मात्र आप्तस्वकीयांशी असलेले नाते त्यांनी कधी तोडले नाही. अल्पसंख्य समाज संकटकाळात एकमेकांना कसा धरून राहतो, हे त्यांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी घरात पाहिले होते.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध झाले. त्या वेळी ते बारा वर्षांचे होते. शत्रूच्या सैन्याने एपिनाल व्यापले. पराभवाचे खापर ज्यू लोकांवर फोडले जात असल्याचेही त्यांनी पाहिले. समाज अस्वस्थ झाला की तो आपल्या दुःखासाठी कोणाला तरी दोषी ठरवू पाहतो, हा विचार त्यांनी पुढे प्रौढपणी मांडला. त्याचे मूळ या बालपणीच्या अनुभवात होते.

३. पॅरिस, मैत्री आणि पहिले दुःख

उच्च शिक्षणासाठी द्युर्केम पॅरिसला गेले. एकोल नॉर्माल सुपेरियर या नामवंत संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत ते दोनदा अनुत्तीर्ण झाले. तिसऱ्या प्रयत्नात, १८७९ मध्ये, त्यांना प्रवेश मिळाला. नोकरी-संसार सांभाळून परीक्षा देणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे समाजवादी नेते म्हणून प्रसिद्ध झालेले झाँ झोरेस आणि तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ हे त्यांचे समकालीन विद्यार्थी होते. व्हिक्टर ऑमे हा त्यांचा अत्यंत जवळचा मित्रही तेथेच होता. एकाच छताखाली राहणारी, रात्र-रात्र वाद घालणारी ही तरुण मंडळी होती.

शिक्षण संपताच हा मेळा पांगला. पदवीधरांची नेमणूक दूरदूरच्या गावांतील शाळांत होत असे. द्युर्केम १८८२ पासून साँस, सँ-कांतँ, त्र्वा अशा गावांत तत्त्वज्ञान शिकवीत होते, तर ऑमे आंझे येथे शिक्षक होते. १८८६ मध्ये ऑमे यांचा तेथे अकाली मृत्यू झाला. तो अपघात असल्याचे सांगितले गेले. तथापि ती आत्महत्या असावी, असे मानण्याकडे द्युर्केम यांच्या चरित्रकारांचा कल आहे. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या वार्षिकासाठी मित्राचा मृत्युलेख द्युर्केम यांनीच लिहिला.

लगेच १८८८ मध्ये आत्महत्या आणि जननप्रमाण या विषयावरील त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. मित्राच्या मृत्यूमुळेच ते या विषयाकडे वळले, असे ठामपणे म्हणता येत नाही. आत्महत्येचे वाढते प्रमाण हा त्या काळच्या युरोपात सार्वत्रिक चिंतेचा विषय होता. परंतु ज्याच्या बुद्धीविषयी आणि स्वभावाविषयी शंका घ्यावी असे काही नव्हते, असा एक मित्र आपल्या माणसांपासून दूर एकटा पडला आणि गेला, हे द्युर्केम यांना ठाऊक होते. चरित्रकाराने येथे कार्यकारणाची सक्ती करू नये, केवळ दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात.

४. बोर्दो आणि एक धाडसी ग्रंथ

१८८५-८६ मध्ये द्युर्केम यांनी जर्मनीतील विद्यापीठांना भेटी दिल्या. लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांची मानसशास्त्रीय प्रयोगशाळा त्यांनी पाहिली. मनाचा अभ्यास काटेकोर निरीक्षणाने होऊ शकतो, तर समाजाचा का होऊ नये, हा प्रश्न घेऊन ते परतले. १८८७ मध्ये बोर्दो विद्यापीठात शिक्षणशास्त्र व समाजशास्त्र शिकविण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी लुईझ द्रेफ्यूस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मारी आणि आंद्रे ही त्यांची दोन अपत्ये. बोर्दोतील पंधरा वर्षांत त्यांनी श्रमविभागणीवरील प्रबंध (१८९३), समाजशास्त्रीय पद्धतीचे नियम (१८९५) आणि आत्महत्येवरील ग्रंथ (१८९७) अशी तीन महत्त्वाची पुस्तके लिहिली.

तिसऱ्या ग्रंथाचे धाडस विषयाच्या निवडीत होते. माणसाची सर्वांत खासगी, सर्वांत एकांतातील म्हणून जी कृती मानली जाते, तिच्यावरही समाजाचा प्रभाव असतो हे त्यांना दाखवावयाचे होते. त्यासाठी त्यांचे भाचे मार्सेल मॉस यांनी सुमारे २६,००० मृत्यूंच्या नोंदी वय, लिंग, विवाह आणि अपत्ये यांनुसार वेगळ्या केल्या. न्याय मंत्रालयातील या नोंदी उपलब्ध करून देणारे सांख्यिकी अधिकारी होते गाब्रिएल तार्द. याच ग्रंथात द्युर्केम यांनी तार्द यांच्या मताचे खंडन केले आहे. मतभेद असूनही सामग्री मोकळी करून देण्याची ही वृत्ती अभ्यासकाने आदर्श मानावी अशी आहे.

प्रत्येक मृत्यूचे कारण वेगळे असेल, तर देशाचा आकडा दरवर्षी जवळपास तोच कसा राहतो? माणसे बदलतात, प्रमाण फारसे बदलत नाही. या निरीक्षणातून त्यांनी विवेचनाला आरंभ केला. त्यांना आढळले ते असे : प्रॉटेस्टंट समाजात हे प्रमाण कॅथलिक समाजापेक्षा अधिक होते. अविवाहितांपेक्षा विवाहितांत आणि अपत्यहीनांपेक्षा मुलाबाळांच्या कुटुंबांत ते कमी होते. युद्धाच्या किंवा राजकीय क्षोभाच्या काळात, जेव्हा माणसे एका ध्येयाने बांधली जातात, तेव्हा ते घटत होते. हवामान, वंश, दारू अशी प्रचलित कारणे त्यांनी एकेक करून तपासली आणि ती अपुरी असल्याचे दाखविले. मानसिक आजाराचे प्रमाण आणि आत्महत्येचे प्रमाण हेही सर्वत्र बरोबरीने चालत नाही, असे त्यांना दिसले.

५. तीन प्रकारची नाती, तीन प्रकारची दुखणी

यावरून त्यांनी जे प्रकार कल्पिले, त्यांपैकी तीन मुख्य आहेत. पहिला आत्मकेंद्री प्रकार. येथे माणूस समूहापासून तुटतो, कोणालाही आपली गरज नाही अशी त्याची भावना होते. दुसरा परार्थमूलक प्रकार. येथे उलट घडते. समूह व्यक्तीला इतका व्यापून टाकतो की तिच्या स्वतंत्र जीवाला मोल उरत नाही. या प्रकाराचे उदाहरण म्हणून त्यांनी भारतातील सतीचा उल्लेख केला आहे.

तिसऱ्या प्रकाराला त्यांनी ‘अनॉमी’ म्हटले. हा शब्द ग्रीक आहे. ‘नोमोस’ म्हणजे नियम, रीत. त्याला अभाव दाखविणारा ‘अ’ हा उपसर्ग लागला आहे. आपल्या ‘अनियम’, ‘अशांत’ या शब्दांतील ‘अ’ आणि हा ग्रीक ‘अ’ एकाच मुळातून आलेले आहेत. मराठीत आपण त्याला ‘नियमशून्यता’ म्हणू. माणसाच्या इच्छांना स्वतःहून सीमा नसते. किती मिळाले म्हणजे पुरे, हे त्याला समाजाची रीत सांगते. ती रीत अचानक मोडली की इच्छा मोकाट सुटतात आणि समाधान कोठेच सापडत नाही. म्हणूनच केवळ मंदीतच नव्हे, तर एकाएकी आलेल्या भरभराटीतही हे प्रमाण वाढते, असे त्यांनी प्रतिपादिले. १८७८ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले, नव्या यंत्रांचा आणि समृद्धीचा तो उत्सव होता. त्याही वर्षी आकडा खाली आला नव्हता, वर गेला होता.

६. यंत्रयुग आणि मन

द्युर्केम यांचा काळ आगगाडी, तारयंत्र, कारखाने आणि स्वस्त वृत्तपत्रे यांचा होता. ते यंत्रांचे शत्रू नव्हते. श्रमविभागणीमुळे माणसे एकमेकांवर अवलंबून राहतात आणि त्यातून नव्या प्रकारची एकता निर्माण होऊ शकते, असा त्यांचा विश्वास होता. परंतु त्यांनी एक विसंगतीही हेरली. बाजारपेठ गावाच्या वेशीबाहेर, देशाबाहेर पसरली. माल कोणासाठी बनतो हे बनविणाऱ्याला दिसेनासे झाले. मालक आणि मजूर एकमेकांना अनोळखी झाले. दिवसभर एकच हालचाल करणारा कामगार आपल्या कामाचा अर्थ हरवून बसला. कारागिरांचे जुने संघ फ्रान्समध्ये १७९१ मध्येच कायद्याने बंद झाले होते आणि त्यांच्या जागी दुसरे काही उभे राहिले नव्हते. जगण्याची साधने वेगाने बदलली; त्यांना सावरून धरणारे संबंध त्या वेगाने तयार झाले नाहीत. दोष यंत्राचा नसून या मधल्या पोकळीचा आहे, असे त्यांचे निदान होते. उपाय म्हणून त्यांनी व्यवसायबंधूंच्या संघांचा पुरस्कार केला. शासन फार दूर असते आणि कुटुंब फार लहान. कामाच्या ठिकाणची माणसेच एकमेकांना रोजच्या रोज सावरू शकतात, असे त्यांना वाटे.

हा विचार आजच्या परिस्थितीला लावून पाहा. एखादे नवे साधन, मग ते भ्रमणध्वनी असो वा घरबसल्या काम करण्याची सोय, चांगले की वाईट असा सरसकट प्रश्न द्युर्केम विचारणार नाहीत. या साधनामुळे कोणती नाती सैल झाली आणि कोणती नवी जुळली, तसेच ‘पुरे’ कशाला म्हणावे याची रीत त्याने मोडली की राखली, असा त्यांचा प्रश्न असेल. दुसऱ्यांच्या सुखाची चित्रे अहोरात्र पाहणाऱ्याला स्वतःचे जगणे अपुरे वाटू लागले, तर त्या वाटण्याला त्यांनी नियमशून्यतेचेच नाव दिले असते.

७. विचाराच्या मर्यादा

विद्यार्थी मित्रहो, चरित्रनायकाविषयी आदर असणे म्हणजे त्याचे सर्व काही मान्य करणे नव्हे. द्युर्केम यांच्या विवेचनातील काही उणिवा आता स्पष्ट झाल्या आहेत.

पहिली उणीव सामग्रीची. मृत्यूची नोंद माणसेच करतात. जेथे अशा मृत्यूला धर्म कलंक मानतो, तेथे कुटुंबे तो लपवितात. त्यामुळे कॅथलिक समाजाचे कमी आकडे पूर्णतः विश्वसनीय मानता येत नाहीत.

दुसरी उणीव स्त्रियांविषयीची. स्त्रीचे जीवन समाजात कमी गुंतलेले असते, असे त्यांनी गृहीत धरले. अतिरिक्त बंधनांमुळे होणाऱ्या कोंडमाऱ्याचा चौथा प्रकार त्यांनी केवळ तळटीपेत नोंदविला. सतीचे उदाहरण देतानाही, त्या स्त्रीवर झालेल्या सक्तीचा आणि तिच्या असहायतेचा विचार त्यांनी पुरेसा केला नाही. १८२९ च्या बंदीमागील वादविवाद ज्यांना माहीत आहेत, त्या आपल्याला हे उदाहरण परार्थाचे म्हणून स्वीकारता येणार नाही.

तिसरी उणीव वृत्तपत्रांविषयीची. अनुकरणामुळे एकूण प्रमाण बदलत नाही, असे त्यांनी तार्द यांच्या विरोधात मांडले होते. पुढे १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने ठळक बातम्यांनंतर असे मृत्यू वाढतात हे दाखविले. आज जागतिक आरोग्य संघटना या विषयावरील वार्तांकनासाठी मार्गदर्शक सूचना देते. प्रसारमाध्यमाचे सामर्थ्य द्युर्केम यांनी कमी लेखले, असे म्हणणे भाग आहे. मात्र बातमी देण्यापेक्षा ती कोणत्या सुरात दिली जाते याला महत्त्व आहे, हे त्यांचेही म्हणणे होते.

या मर्यादा ध्यानात घेऊनही त्यांचा मूळ प्रश्न शाबूत राहतो. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चर्चा आपण ऐकतो. त्या चर्चेत एक बाजू व्यक्तीचे व्यसन किंवा खचलेले मन पुढे करते, तर दुसरी बाजू कर्ज, भाव आणि पाऊस यांकडे बोट दाखविते. एकट्या माणसाचे दुःख आणि भोवतालची रचना एकत्र कशी पाहावी, ही या चर्चेतील खरी अडचण आहे. द्युर्केम यांनी हाच प्रश्न १८९७ मध्ये शास्त्रीय पातळीवर आणला.

८. अखेरची वर्षे

१८९८ मध्ये द्युर्केम यांनी ‘लानी सोसिओलोझिक’ हे वार्षिक सुरू केले. त्याभोवती तरुण अभ्यासकांचा एक मेळा जमला. घराबाहेरचे आणि शासनाखालचे जे संघ त्यांना समाजात हवे होते, तसाच हा एक संघ होता. त्याच सुमारास द्रेफ्यूस प्रकरण पेटले. आल्फ्रेड द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती. द्युर्केम त्यांच्या बाजूने उभे राहिले. व्यक्तीचे हक्क जपणे हाच आधुनिक समाजाला बांधणारा समान विश्वास होय, असे त्यांनी त्या वेळी मांडले. १९०२ मध्ये ते पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात आले आणि १९१२ मध्ये धर्मजीवनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. युद्धाच्या उंबरठ्यावरच, ३१ जुलै रोजी, मित्र झोरेस यांची हत्या झाली. वार्षिकाभोवती जमलेले अनेक तरुण रणांगणावर गेले. रोबेर एर्ट्झ हा गुणी शिष्य १९१५ मध्ये मारला गेला. मुलगा आंद्रे भाषाशास्त्राचा अभ्यासक होता. आंत्वान मेये या थोर भाषाशास्त्रज्ञाचा तो विद्यार्थी. भाषा आणि समाज यांच्या संबंधाचा अभ्यास तो पुढे नेईल, अशी अपेक्षा होती. आंद्रेला बाल्कन आघाडीवर पाठविण्यात आले. डिसेंबर १९१५ मध्ये तेथील माघारीच्या काळात तो मृत्यू पावला. काही काळ तो केवळ बेपत्ता होता. रोज टपालाची वाट पाहण्यात दिवस गेले आणि १९१६ मध्ये त्याच्या मृत्यूची वार्ता पक्की झाली.

युद्धात आत्महत्या घटतात, कारण समाज एकजूट होतो, असे द्युर्केम यांनी लिहिले होते. त्या एकजुटीची किंमत आता त्यांच्या घरातून वसूल झाली होती. त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले. अशा काळात एका सिनेटरने त्यांच्यावर शत्रूचा हस्तक असल्याचा आळ घेतला. बालपणी एपिनालमध्ये पाहिलेला द्वेष असा पुन्हा दाराशी आला. १९१६ च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९१७ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या त्याच वार्षिकासाठी त्यांनी मुलाचा मृत्युलेख लिहिला. तीस वर्षांपूर्वी याच ठिकाणी त्यांनी ऑमेविषयी लिहिले होते. १५ नोव्हेंबर १९१७ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मार्सेल मॉस यांनी मामांचे अपुरे लेखन संपादित करण्याचे काम पुढे अनेक वर्षे केले.

९. समारोप

नात्यांचे महत्त्व जाणणाऱ्या द्युर्केम यांनाही वियोगाच्या दुःखातून सुटका मिळाली नाही. ज्ञानामुळे दुःख टळत नाही. पण दुःख भोगणाऱ्याच्या माथी असलेला दोष ज्ञानामुळे हलका होऊ शकतो. खचलेला माणूस कमकुवत असतो असे नाही. पुष्कळदा त्याच्या भोवतीची माणसे पांगलेली असतात. ही जाणीव समाजविचाराला देण्यात द्युर्केम यांचा वाटा मोठा आहे.

दूरशिक्षणाचा विद्यार्थी एकट्याने वाचतो, बहुधा सर्व कामे आटोपल्यावर, रात्री. अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्र म्हणजे केवळ शंकानिरसनाची सोय नव्हे; तोही द्युर्केम यांना अपेक्षित असलेला एक छोटा संघ आहे. तेथे जा, सहाध्यायींची नावे जाणून घ्या. कोणी सलग दोन सत्रांना आला नाही तर त्याची विचारपूस करा. आपल्यापैकी कोणाला फार निराश वाटत असेल, तर ते जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावे. केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहे.

१०. स्वाध्याय

अ) पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी १५० शब्दांत लिहा.
१. ‘नियमशून्यता’ ही संकल्पना आपल्या परिसरातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. द्युर्केम यांच्या विवेचनातील कोणतीही एक मर्यादा चर्चेस घ्या.
३. व्हिक्टर ऑमे यांच्या मृत्यूचा उल्लेख चरित्रकाराने कोणत्या मर्यादेत करावा? आपले मत सकारण मांडा.

आ) उपक्रम
गेल्या वीस वर्षांत आपल्या गावात किंवा वस्तीत आलेले एक नवे साधन निवडा. त्यामुळे कोणत्या भेटीगाठी कमी झाल्या आणि कोणत्या वाढल्या, हे घरातील ज्येष्ठ व्यक्तीशी बोलून एका पानात नोंदवा.